आजोबा मोजत होते

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. पण तोंडाने सांगायला गेलो की गाडी दर वेळी एकाच जागी अडते. म्हणून लिहितोय.

माझे आजोबा जळालेल्या मोटरी भरून द्यायचे. पंख्याच्या, पाण्याच्या पंपाच्या. आतली जळकी तार काढायची आणि नवी तांब्याची तार फेरे मोजून गुंडाळायची. गुंडाळायला हँडलचं एक जुनं यंत्र होतं. त्याच्यावरचा फेरे मोजणारा काटा माझ्या जन्माआधीच मोडलेला. दुरुस्त का करत नाही म्हटलं की म्हणायचे, "देवाने डोकं दिलंय ते काय टोपी घालायला?"

तर ते मोजायला लागले की कोणी बोलायचं नाही. बोललंच तर ते नुसता पंजा वर करायचे. गिऱ्हाईक असो, पोस्टमन असो, पंजा दिसला की गप्प उभं राहायचं. माझे बाबा जन्मले तेव्हा आजीचा भाऊ धावत सांगायला आला, तर त्यालाही पंजा. एकशे चाळीस फेरे पुरे केले, तारेला गाठ मारली आणि मग विचारलं, "हं, मुलगा की मुलगी?" आजीने हे त्यांना जन्मभर ऐकवलं. भाजीत मीठ जास्त झालं तरी म्हणायची, "मोजून घातलंय हो, एकशे चाळीस चिमटी."

नातवंडांना मात्र मोजणं संपलं की सगळं माफ. मी शाळा अर्धवट सोडली तेव्हा घरात सगळे बोलले, हे बोलले नाहीत. पक्कड हातात दिली आणि म्हणाले, "बस." पाच वर्षं बसलो.

आता ती सकाळ. घरून निघताना बाबांचं आणि त्यांचं वाजलं. बाबा म्हणाले, "डोळे गेलेत, हात थरथरतात. बंद करा आता ते दुकान."

"मग घरी बसून माशा मारू?"

"मारा. पण उद्या तिथे पडलात ना, तर मी उचलायला यायचो नाही!"

आजोबा चपला घालून निघाले. बाबांना एवढंच माहीत आहे.

दुकानात आल्यावर ते हसत होते. मला म्हणाले, "म्हणे उचलायला यायचो नाही. अरे, हाक मारली तर भरल्या ताटावरून उठून येईल तो. माझ्यावरच गेलाय, तोंडाचा फाटका." मग पंपाची मोटर घेतली आणि माझ्याकडे पाठ करून यंत्रापाशी बसले.

मी मागे एका पंख्याची जळकी तार खरवडत होतो. शेजारचा वेल्डर आला, माझा दोस्त, आम्ही त्याला काजव्या म्हणतो. त्याला पक्कड हवी होती. मी ओठांवर बोट ठेवलं. तो पक्कड घेऊन चवड्यांवर चालत गेला. आजोबांचा हात हँडलवर होता, हँडल थांबलेलं. मला वाटलं, तार सरळ करतायत. ते थांबायचे मध्ये मध्ये.

पंधरा मिनिटांनी काजव्या पक्कड द्यायला आला. दारातूनच म्हणाला, "हँडल फिरत नाहीये रे."

मी त्याच्यावर चिडलो. मोजतायत, कळत नाही का तुला? तो सरळ आत गेला आणि त्याने आजोबांच्या खांद्याला हात लावला.

दवाखान्यात नेईपर्यंत गेले होते. डॉक्टरांना विचारलं, पंधरा मिनिटं आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. घरी मी सांगितलं, एकदम कोसळले.

याला तीन आठवडे झाले. बाबा दोन घास खाऊन उठतात. कोणी भेटायला आलं की एकच वाक्य, "मी सकाळी तसं बोलायला नको होतं." परवा मी म्हटलं, "ते दुकानात हसत होते, बाबा." त्यांनी झटकन वर पाहिलं. "मग? मग काय झालं?" मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठून गेलो.

आज काजव्याला हे सगळं बोललो. तो हातातलं काम ठेवून म्हणाला, "तुझा बाप नसलेलं ओझं वाहतोय, आणि तू बघत बसलायस."

"मला विचारतील, तू काय करत होतास?"

"विचारतील. मग सांग, गप्प बसलो होतो. त्या दुकानात तुझा बापही गप्पच बसला असता."

"आणि मला घराबाहेर काढलं तर?"

"माझ्याकडे खाट आहे. ढेकूण पण आहेत, सोबतीला."

मला हसू आलं. मग रडू आलं. त्याने तोंड फिरवून उगाच एक दांडी घासायला घेतली.

मी त्याला शब्द दिलाय. आज बाबा कामावरून आले की त्यांना समोर बसवून हसण्यापासून पंधरा मिनिटांपर्यंत सगळं सांगणार. अडलो तर हे वाचायला देणार. काजव्या म्हणाला, मी येऊ का सोबत? म्हटलं, नको. एकटा सांगतो.