मीठ बदलण्याचा हक्क

दाक्षायणीनं उखळातली चिमूटभर शेंगाचटणी जिभेवर ठेवली, डोळे मिटले, उघडले आणि समोर मुसळ धरून उभ्या असलेल्या सोनाबाईच्या हनुवटीकडे पाहिलं. हनुवटी किंचित हलली.

"झाली. भरा."

दाक्षायणीनं असं म्हटल्याशिवाय शुक्रवार पेठेतल्या त्या छोट्या कारखान्यात एकही पाकीट भरलं जात नसे. पाकिटावर नाव तिचं, फोटोही तिचाच. फोटोत ती दहा वर्षांनी लहान दिसायची, पण त्याला तिची हरकत नव्हती.

पलीकडे कडक भाकरीच्या चळतींशेजारी आरोही मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. ऑर्डरी, माल, चटणीचं प्रमाण, सगळं तिनं डेटाबेसमध्ये बसवलं होतं आणि येईल त्या गिऱ्हाइकाला दाक्षायणी ते ऐकवायची, "आमच्या पोरीनं केलंय. विकत न्हाय आणलं."

"आई, आजपासून प्रत्येकीचा वेगळा युजर," आरोही म्हणाली. "सगळ्याजणी तुझ्याच नावानं आत शिरतात. म्हणून तर गेल्या महिन्यात मीठ कुणी वाढवलं ते कळलं नाही."

गेल्या महिन्यात सोनाबाई लेकीच्या बाळंतपणाला होटगीला गेली होती. नेमका तेव्हाचाच माल खारट म्हणून दुकानांतून परत आला. दाक्षायणीनं कॉम्प्युटरला मनसोक्त शिव्या दिल्या होत्या. सोनाबाईनं आल्या आल्या चटणी चाखली आणि कुणाला काही न बोलता मीठ पूर्वीइतकं करवून घेतलं.

"पॅकिंगवाल्यांना फक्त ऑर्डरी दिसतील. प्रमाण बदलायचा हक्क एकीलाच, म्हणजे तुला. हा दिला बघ..."

"थांब की."

आरोहीची बोटं थांबली.

"त्यो सोनाबाईला दे."

मुसळही थांबलं. "अक्का, कशाला आता..."

"तू कूट गं."

"आई, चव तुझी आहे! लोक तुझ्या हाताला..."

"हात हाय की. कुटं गेलाय?" दाक्षायणीनं तळवा उलटसुलट करून पाहिला. "मला नुसतं बघायचं दे. तेवढं येतंय मला."

आरोही आईकडे वळली. मग हळूच म्हणाली, "सकाळची आमटी अळणी होती. मी मीठ विसरले होते. तू काहीच बोलली नाहीस."

"पोरीनं केलेली. नावं ठिवू व्हय?"

"आई, त्या मोठ्या तापापासून चव कळत नाही का गं?"

"टाईप कर."

आरोहीनं टाईप केलं. मग डोळ्यांच्या कडा मनगटानं पुसून तिनं लॅपटॉप आईकडे वळवला. "आता तुझ्या युजरनं मीठ बदलून बघ."

दाक्षायणीनं चष्मा सारखा केला, आकडा बदलला, ठासून बटण दाबलं. पडद्यावर लाल अक्षरं उमटली: परवानगी नाही.

तिनं आणखी एकदा दाबून पाहिलं. पुन्हा तेच. ती मोठ्यानं हसली आणि काउंटरवरच्या गिऱ्हाइकाला हाक मारली, "ओ भाऊ, हितं या, बघा! मालकिणीलाबी सोडत न्हाय. आमच्या पोरीनं केलंय!"

गिऱ्हाईक काही न समजता कौतुकानं मान डोलावून गेलं. तोवर पुढचा घाणा कुटून झाला होता. दाक्षायणीनं वाकून उखळातली चिमूट उचलली. ती तोंडाकडे नेता नेता थांबली आणि सगळ्या बायकांच्या देखत तिनं ती सोनाबाईच्या तळहातावर ठेवली.