पेडलवरचा पाय

गुरुबसप्पांचं विमान जुन्या घडणीचं होतं. त्याचं तिसरं चाक नाकाखाली नव्हतं, शेपटीखाली होतं. असलं विमान जमिनीला टेकलं म्हणजे उतरलं, असं नसतं. आडवा वारा असला की शेपूट आपल्या मर्जीनं फिरायला बघते, आणि विमान थांबेपर्यंत पायांखालची दोन्ही पेडलं सांभाळत राहावं लागतं. औशाजवळच्या एका खासगी धावपट्टीवर गुरुबसप्पा अकरा वर्षं हेच शिकवत होते.

मे महिन्यातल्या त्या सकाळी लातूरहून शिकायला येणारी मंजुश्री पुढच्या सीटवर होती, ते मागे; दोन्ही सीटची पेडलं एकमेकांना जोडलेली. धावपट्टी दक्षिणोत्तर, आणि पश्चिमेचा वारा दहालाच सुटलेला. मंजुश्रीनं डावा पंख वाऱ्याकडे कलता ठेवून आधी डावं चाक टेकवलं, मग उजवं, मग शेपूट. झकास उतरली, असं गुरुबसप्पांच्या मनात आलं. तेवढ्यात नाक डावीकडे वळायला लागलं. तिनं उजवं पेडल दाबलं. मागून समोरचं धड दिसत नव्हतं. पोरगी जास्तच दाबतेय असं वाटून त्यांनी डावं पेडल रेटलं.

विमान गरकन फिरलं. उजवं चाक मोडून पोटाखाली गेलं, पंख मुरुमात रुतला, इंजिन बंद पडलं.

शेजारच्या उसातून शेतकरी किशनराव पळत आले. "मास्तर, लागलं का कुटं?"

"न्हाई. दोघं बी बरे हाव."

मंजुश्री धावपट्टीच्या कडेला बसली होती. "सर, माझंच चुकलं. पाय कमी पडला माझा."

गुरुबसप्पा वळले आणि चालू लागले. शेडमध्ये जाऊन त्यांनी अपघाताचा कागद भरायला घेतला आणि कारण लिहिलं, 'वाऱ्याचा झोत'. खोटं म्हणावं असं त्यात काही नव्हतं. खिडकीतून बघितलं तर मंजुश्री अजून तिथंच होती, हवेत पाय दाबून बघत होती. पुन्हा पुन्हा.

ते बाहेर आले. "मंजुश्री, तुझा पाय बरोबर होता. डावं पेडल मी दाबलं."

तिचा हवेतला पाय थांबला. "मला वाटलं, पेडल अडकलं."

"माझा पाय होता तो."

"मग मघाशी का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली."

ती उठली, बॅग उचलली आणि औशाच्या बसस्टँडकडे निघून गेली. गुरुबसप्पांनी कागद फाडला आणि दुसऱ्यावर कारण लिहिलं, 'डावं पेडल मी दाबलं'.

चौकशीत त्यांचा शिकवण्याचा परवाना स्थगित झाला. वर्षभरानं तो परत मिळण्यासारखा होता, पण त्यांनी अर्जच केला नाही. पुढं मंजुश्री नांदेडच्या शिवकुमार सरांकडे शिकली. पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत ती अचानक शेडवर आली, तेव्हा गुरुबसप्पा दुरुस्त झालेल्या पंखाला रंग देत होते.

"लई राग आला होता मला," ती म्हणाली.

"यायलाच पाहिजे होता."

तिनं बाह्या वर सारल्या आणि दुसरा ब्रश कुठं आहे ते विचारलं.