सोमारीच्या बांधीतली डुकरं

कोणी विश्वास ठेवणार नाही, ठेवूही नका. पण आपल्या सोमारीची धानाची बांधी रानडुकरांनी नांगरून दिली. खोटं निघालं तर या लटारूच्या मिशीला चूड लावा.

नवरा वारला आणि दीर झिंगू तिच्या दारात उभा राहिला. "वहिनी, बाईनं नांगराले हात लावला तं पाऊस पळते, पंच दंड करतेत. अन् गावातला एकबी गडी तुह्या बांधीत येणार नाई, मी सांगून ठेवलं हाय. पडीक पडली का बांधी माही."

जन्मभर त्याच बांधीत ओणवं राहून सोमारीनं रोवणी केली होती आणि हाच झिंगू बांधाच्या धुऱ्यावर छत्री धरून ओरडायचा, "कंबर दुखते काय? खाली पाह्य!" ते शब्द तिनं गिळले नव्हते, दाढेखाली धरून ठेवले होते.

जमीन भिजली तशी तिनं दारू गाळून उरलेला मोहाचा चोथा बांधीत नांगराच्या तासासारखा ओळीनं पेरला. वासावर डुकरांचा कळप आला. नाकानं माती उलथत या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत गेला, वळला, परत आला. तास वाकडा गेला की पुढची डुकरीण मागच्यांवर खेकसायची! उजाडेपर्यंत बांधी लोण्यासारखी. नांगराला बाईचा हातच नाही, मग पंच दंड कोणाला करणार? डुकरांना?

उरलेला चोथा सोमारीनं झिंगूच्या पऱ्ह्यांत, रोपांच्या वाफ्यात, ओतला. तिथं रोप म्हणून काडी उरली नाही.

हंगाम सरत आला. गावात रोपं शिल्लक होती ती फक्त सोमारीच्या परसात. झिंगू मान खाली घालून आला.

"वहिनी, थोडे पऱ्हे दे न."

"नेजो. पह्यले माह्या बांधीत रोवणी कर. बायांच्या रांगेत."

"मी? गडी मानूस?"

"मंग राहू दे. तुही बांधी पडीक पडली का..."

झिंगू चिखलात उतरला. सारं गाव बघायला जमलं. सोमारीनं त्याचीच छत्री उघडली आणि धुऱ्यावरून ओरडली, "कंबर दुखते काय, झिंगू? खाली पाह्य!" दिवसभर ती तेच ओरडत होती, आणि दर वेळी तिला ते आधीपेक्षा गोड लागत होतं. आणि ती डुकरं तर अजून दरसाली—

"पुरे, लटारूभाऊ!" ऐकणाऱ्यांतून इंदुताई उठली. पदर सारून तिनं खांद्यावरचा काळा वळ सगळ्यांना दाखवला. "डुकरं म्हणे! जू आम्ही बायांनी ओढलं, नांगर तुमच्या घरचा होता, अन् ते खेकसनारी डुकरीण मी!"