सिलिंडरातल्या रेघा

बांगडीच्या डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, एक ओरखडा राहिला, की तो हजार बांगड्यांवर उमटतो. काशीनाथ हे ऐकतच या धंद्यात म्हातारा झाला. कैनाडचं घर सोडून मसोलीच्या गाळ्यात डाय घासायला बसला तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटत होतं, आता डोक्यावर काळा केस शोधावा लागतो. त्याची डाय हातात आली की गिऱ्हाईक आधी तिच्यात बघून भांग नीट करायचं, मग कामाचं बोलायचं.

असा माणूस विमानाच्या नादाला लागला तो देवेशमुळे. देवेशची चिकूची वाडी गाळ्याच्या पलीकडेच. आज्याने चिकू लावले, बापाने वाढवले आणि या पठ्ठ्याने चिकू भरायच्या शेडमध्ये विमान बांधायला घेतलं. लाकडी पंख, कापडी अंग, एका माणसापुरती जागा. लोक हसले. काशीनाथही हसला, मग वाकून बघायला लागला, आणि वाकला तो वाकलाच. गाळ्याचं शटर पडलं की दोघं शेडमध्ये.

मग देवेशचं दुखणं निघालं, यकृताचं. मुंबईच्या डॉक्टरांनी आता घरी घेऊन जा म्हणून सांगितलं, आणि त्याचा अर्थ काय हे कुणाला फोडून सांगावं लागत नाही. विमान उडणार नाही, हे देवेशने मान्य केलं.

"पण इंजिन ऐकून जाऊ दे, काशीदादा," तो म्हणाला. "जमिनीवरच चालू दे. मला आवाज ऐकायचाय."

राहिलं होतं ते दोन सिलिंडरांच्या बोरचं काम. पिस्टन ज्या भोकात वरखाली पळतो, ते तंतोतंत गोल हवं, आणि पिस्टनच्या रिंगा त्याच्या भिंतीला अशा बसायला हव्यात की आतला दाब कुठूनही निसटू नये. बोर आतून घासायच्या हत्याराला होन म्हणतात. देवेशने बजावलं होतं, "होन फिरवलास की आत बारीक तिरक्या रेघा उठतील. त्या तशाच ठेव. तेल त्या रेघांतच टिकतं आणि रिंगा त्यांच्यावर घासूनच बसतात."

काशीनाथने मान डोलावली. होन फिरवला, माप घेतलं, माप बिनचूक आलं. मग सिलिंडर दाराशी उजेडात धरलं आणि त्याचा जीव खालीवर झाला. आत सगळीकडे रेघाच रेघा. मरणाच्या दारात बसलेल्या मित्राच्या हातात हे ठेवायचं? उभ्या जन्मात त्याने असं काम कुणाला दिलं नव्हतं. देवेश म्हणतो ते साध्या कारागिरांसाठी असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. डायला चकाकी आणायची पेस्ट नमद्याच्या लोकरी बोळ्यावर घेतली आणि दोन्ही बोर आरशासारखे केले. अति तेथे माती म्हणतात खरं, पण होताना ती माती फार सुंदर दिसते. त्या दिवशी तो खुशीत घरी गेला.

इंजिन बसवलं त्या दिवशी दक्षावहिनींनी नवऱ्याला खुर्चीत बसवून शेडमध्ये आणवलं. काशीनाथने स्टार्टरचा सेल मारला. इंजिन पेटलं, भसाभसा निळा धूर सोडत खोकलं आणि बंद पडलं. परत मारला, परत तेच. प्लग काढले तर तेलाने माखलेले. विमानाच्या नाकावरचा पंखा हाताने फिरवून बघितला, तो विनाअडथळा गरगर फिरला. सिलिंडर दाब धरतच नव्हतं.

देवेशने सिलिंडर उतरवायला लावलं. आत बोट फिरवलं आणि तो थांबला.

"बोललो होतो ना दादा, रेघा ठेव म्हणून."

काशीनाथने प्लगवरचं तेल पुसायला घेतलं.

"काय सुंदर केलंयस रे. आरसा नुसता." देवेश हसला आणि हसताना त्याला कळ आली. "पण यावर तेल टिकायचं कसं?"

दक्षावहिनींनी काशीनाथकडे एकदाच बघितलं. त्या रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"परत कर," देवेश म्हणाला. "मी थांबतो."

रेघा परत उठवल्या, पण तेवढ्याने बोर केसभर मोठा झाला. जुन्या रिंगा सैल पडल्या, नव्या कोइमतूरहून मागवाव्या लागल्या. काशीनाथ रोज वाडीवर जाई. देवेश सुरुवातीला विचारायचा, "आल्या?" पुढे पुढे नुसता डोळ्यांनी विचारायचा. काशीनाथ घरी येऊन स्वतःच्या हातांना शिव्या घालायचा.

रिंगा आल्या त्या दिवशी तो सकाळपासून शेडमध्ये बसला. दक्षावहिनी चहा घेऊन आल्या. "किती वेळ लागेल?"

"जेवणाआधी चालू करतो. त्यांची खिडकी उघडी ठेवा, वहिनी."

थोड्या वेळाने त्या परत आल्या. दारातच उभ्या राहिल्या. तो रिंग दाबून पिस्टन आत सरकवत होता, मान वर करायची सोय नव्हती.

"घाई करू नका," त्या म्हणाल्या. "नीट बसवा." आणि गेल्या.

त्याने नीट बसवलं. सेल मारला आणि इंजिन पहिल्या झटक्यात पेटलं. धुराचा मागमूस नाही, ठोका अगदी एकसारखा. काशीनाथच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते न पुसताच तो घरात धावला.

खिडकी उघडी होती. दक्षावहिनी पलंगावर देवेशचा हात धरून बसल्या होत्या.

"ऐकलंत ना, देवेशभाऊ? लागलं बघा."

"हे गेले, काशीदादा," वहिनी म्हणाल्या. "मी दुसऱ्यांदा आले ना शेडमध्ये, त्याच्या जरा आधी."

त्याला कळायला वेळ लागला. "मला का नाय सांगितलं?"

"तुमचे हात थांबले असते."

तो इंजिन बंद करायला वळला, तेव्हा त्यांनी त्याला अडवलं. "राहू द्या. आतलं पेट्रोल संपेपर्यंत चालू दे. मग बोलावते सगळ्यांना."

काशीनाथ पलंगाशेजारी जमिनीवर बसला. देवेशने ऐकला तो फक्त खोकून बंद पडलेला आवाज, आणि तो काशीनाथच्या हातचा होता. आता ठोका कुठे चुकत नव्हता. चुकावा, बंद पडावं, असं त्याला फार वाटत होतं. पण टाकी सकाळी त्यानेच काठोकाठ भरली होती, आणि इंजिन खूप वेळ चालत राहिलं.