फ्लॉपीतला भंडारा

मनिषाच्या गेमची एकच प्रत या जगात होती, आणि ती एका काळ्या फ्लॉपीत होती. निदान मनिषाला तरी तसंच वाटत होतं.

आता फ्लॉपी म्हणजे काय, हे अठ्ठ्याण्णव साली लासुर्ण्यात सांगत बसायचं म्हणजे कपाळाला हात लावायची पाळी. तळहाताएवढी चपटी डबी, कडेला सरकणारी पत्र्याची खिडकी, आणि आत म्हणे सगळं साठवलेलं. "ह्याच्या आत हाय माझा गेम," मनिषानं आईला सांगितलं होतं. तिच्या आईनं, तानूबाईनं, डबी कानाशी धरून हलवली. "वाजत तर काय न्हाय गं," ती म्हणाली.

वाजत नसलं, तरी होतं खरं सगळं आत. मनिषाच्या वडिलांनी, मानसिंगांनी, मेंढरं विकून ऊस लावला तेव्हा ती चौथीत होती. त्याआधी प्रत्येक सुट्टीत ती कळपामागं रानोमाळ हिंडलेली. बारामतीत एसटी स्टँडामागच्या क्लासमध्ये कॉम्प्युटरचा डिप्लोमा करता करता तिनं तीच मेंढरं पुन्हा पडद्यावर आणली. गेमचं नाव 'मेंढका'. मेंढक्यानं, म्हणजे मेंढरं राखणाऱ्यानं, कळप हाकत एकेक मुक्काम गाठायचा. वाटेत उसाचे ट्रॅक्टर, लांडगा, आणि एक वांड कोकरू, ते नेमकं नको तिकडंच पळणार. शेवटच्या मुक्कामाला मेंढरं कॅनॉलवर पाणी प्यायची आणि मेंढका काठी टेकून निवांत बसायचा. पण तिथवर खेळून अजून कुणीच पोचलं नव्हतं. कोकरू तिनं इतकं वांड करून ठेवलं होतं की ती स्वतःच अलीकडं हरायची.

क्लासच्या जोतीराम सरांना दोन गोष्टींचा भारी राग. एक धूळ, दुसरी गेम. धुळीपायी चपला बाहेर, पाय पुसून आत, आणि शिंक आली तरी दाराबाहेर जाऊन द्यायची. गेमचं म्हणाल तर दिवाळीत अख्खा क्लास 'मेंढका' खेळताना सापडला, तेव्हा सरांनी सगळी इमारत डोक्यावर घेतली होती. "हा क्लास आहे का जत्रा?" असं ओरडत त्यांनी एकेका मशीनवरनं गेम पुसून टाकला आणि भिंतीवर 'गेम खेळण्यास सक्त मनाई' अशी पाटी लावली. मनिषाकडं दोन फ्लॉप्या उरल्या. त्यातल्या एकीला पावसाळ्यातली बुरशी आधीच लागली होती. राहिली ही एक.

आणि त्याच सरांनी महिन्याभरानं वर्गात सांगितलं की पुण्याची एक कंपनी पोरांसाठी सीडीवरचे गेम बनवते. तिथले धम्मदीप साहेब मूळचे भिगवणचे. आपल्या भागातलं एखादं पोर हाताशी घ्यावं म्हणून ते शनिवारी क्लासला येणार होते. घेणार एकालाच. मनिषाला त्या रात्री भाकर गोड लागेना. कारण मानसिंगांनी साखर कारखान्यात तिच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. पुण्याचं जमलं नाही तर सोमवारपासून वजनकाट्यावर उसाच्या पावत्या फाडायच्या. बाप वाईट नव्हता बिचारा. "गेम करून कुणी जेवाय घालतं व्हय गं, पोरी?" एवढंच तो विचारायचा.

शनिवारी सकाळी तिची आंघोळ चालली होती, तेव्हा तानूबाई देवापुढं उभी होती. त्या घराची रीत होती, महत्त्वाचं काही घराबाहेर निघालं की बिरोबाचा भंडारा लागलाच पाहिजे. दहावीच्या पेनाला लागला होता, नव्या मोटारीला लागला होता, विकलेल्या कळपाच्या शेवटच्या मेंढीलासुद्धा लागला होता. मग डबीला का नको? तानूबाईनं वरनं बोट टेकवलं, आणि थांबली. पोरगी म्हणाली होती, गेम आत हाय. मग वरनं लावून कसं पोचायचं? तिनं ती पत्र्याची खिडकी हळूच सरकवली, चिमूटभर पिवळाधमक भंडारा आत सोडला, "चांगभलं!" म्हणाली, आणि पदरानं डबी लख्ख पुसून दप्तरात ठेवली. बाहेरून कळायला काही मार्गच ठेवला नाही माउलीनं.

क्लासमध्ये धम्मदीप साहेब आले ते मात्र झकास माणूस निघाले. कोणी न सांगता त्यांनी बूट बाहेर काढले. दोघातिघांचं काम बघून झालं आणि ते मनिषाकडं वळले. "हं, तुमचं काय?"

मनिषानं फ्लॉपी घातली. मशीन खर्रर्र करून ओरडलं. पडद्यावर आलं: अबॉर्ट, रिट्राय, फेल? म्हणजे फ्लॉपी वाचताच येईना. तिनं रिट्राय दाबलं. पुन्हा खर्रर्र. पुन्हा तेच. तिनं इतक्यांदा रिट्राय दाबलं की शेजारची करुणा तिचा हात धरायला लागली. शेवटी सरांनीच फ्लॉपी बाहेर ओढली, खिडकी सरकवली, आणि त्यांच्या पांढऱ्या शर्टावर भंडारा उधळला.

"हळद?" सर किंचाळले. "माझ्या ड्राइव्हमध्ये हळद?"

"भंडारा हाय, सर," मनिषा म्हणाली. "आईनं..." वर्ग खो खो हसायला लागला. हसायला काय जातंय लोकांचं!

"दुसरी प्रत?" साहेबांनी विचारलं. तिनं नाही म्हणून मान हलवली. "घरी मशीन?" पुन्हा मान हलली. साहेबांना खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं, पण त्यांना दौंडची गाडी गाठायची होती. "वाईट झालं," असं म्हणून त्यांनी बॅग उचलली. मनिषाला डोळ्यांपुढं वजनकाटा दिसायला लागला.

इकडं जोतीराम सरांचं काहीतरी वेगळंच चाललं होतं. ते मनिषाकडं बघायचे, मग आपल्या काचेच्या केबिनकडं, मग वर्गाकडं, आणि घाम पुसायचे. शर्टावरचा भंडारा कपाळाला लागला तरी त्यांना पत्ता नाही. साहेबांनी एका पायात बूट घातला, तेव्हा सरांनी घसा खाकरला.

"एक... एक प्रत असावी बहुतेक."

"कुठं?" मनिषा ओरडलीच.

"माझ्या मशीनवर. तपासणीसाठी ठेवली होती. पुसायची राहून गेली."

राहून गेली म्हणे! केबिनमधल्या मशीनवर ती 'पगार' नावाच्या डिरेक्टरीत होती, म्हणजे कोणी चुकूनही उघडू नये. सर खुर्चीत बसले, "नुसतं चालू करून देतो," म्हणाले, आणि कळप निघाला. पहिला मुक्काम गेला, दुसरा गेला. सरांची बोटं अशी चालत होती जशी कणीक मळणाऱ्या बाईची. वांड कोकरू पळायच्या आधीच ते मेंढक्याला आडवा घालत होते. साहेब मागं उभे, मनिषा त्यांच्या मागं, आणि सगळा वर्ग काचेला नाक लावून.

"सर, मी बघू का जरा?" साहेब म्हणाले.

"एक मिनिट हं," सर म्हणाले.

मिनिट झालं, पाच झाली. साहेबांनी पुन्हा विचारलं. सरांनी मान न वळवता नुसता एक हात वर केला. मग लांडगा चुकला, शेवटचा ट्रॅक्टर गेला, मेंढरं कॅनॉलवर वाकली आणि मेंढका काठी टेकून बसला. मनिषानं आपलाच शेवटचा मुक्काम पहिल्यांदा असा दुसऱ्याच्या हातून गाठलेला बघितला. तिला रडूच फुटलं.

"बघितलंत?" सर वळून म्हणाले, आणि मग कुठं त्यांना भान आलं की आपण कोण आहोत.

धम्मदीप साहेबांनी हातातली बॅग खाली ठेवली. "चित्रं साधी आहेत," ते म्हणाले. "रंग भडक आहेत. ते शिकवता येतं. पण गेमबंदीची पाटी लावणारा माणूसही खुर्ची सोडीना, असा गेम करायला मला पुण्यात कुणाला शिकवता आलेलं नाही." मग ते मनिषाकडं वळले. "सोमवारी याल?"

तिचा जीव असा भांड्यात पडला की "हो" म्हणायचंही राहून गेलं. करुणानं चिमटा काढला तेव्हा म्हणाली.

इंदापूरच्या गाडीत बसल्यावर मात्र तिला आईचा राग आला. आत भंडारा घालतात का कुठं? आज सगळं मातीत गेलं असतं! वाटेतलं जंक्शन गाव येईपर्यंत तिनं आईला काय काय बोलायचं ते ठरवून टाकलं. मग तिच्या मनात आलं, फ्लॉपी नीट चालली असती तर? तर तिनं स्वतःच गेम खेळून दाखवला असता, कोकराजवळ हरली असती, साहेब "छान" म्हणून दौंडला गेले असते, आणि सरांची ती 'पगार' कधी उघडलीच नसती. लासुर्णे आलं तरी ती हाच विचार करत होती.

तानूबाई फाट्यावरच उभी होती. पोरीचा चेहरा बघून तिला सगळं कळलं, तरी तिनं विचारलंच, "मने, लागू पडला न्हवं माझा भंडारा?"

"व्हय, आये," मनिषा म्हणाली आणि तिच्या गळ्यात पडली. "त्यानंच झालं बघ सगळं. पर पुढच्या खेपंला वरनंच लाव. वरनं लावला तरी पोचतो."