एकोणीस दिवस

बाईंनी खडूने फळ्यावर एक आडवी रेघ ओढली आणि तिच्यावर बोट ठेवले.

"ही शून्याची रेघ. जंगलानं हवेतला कार्बन वायू आत घेतला, की आपली रेघ हिच्याखाली जाणार. बाहेर सोडला, की वर. आता सांगा, भर दुपारी, लख्ख उन्हात ती कुठे असेल?"

"खाली!" सहलीला आलेला पाचवीचा वर्ग एका सुरात ओरडला. एक मुलगा तेवढा "वर" म्हणाला आणि शेजाऱ्याची कोपरखळी खाऊन गप्प बसला.

"कोपर मारू नका त्याला. वर का वाटलं रे तुला?"

"मला दुपारी धाप लागते."

पोरे खिदळली. बाईही हसल्या. "झाडांना ऊन म्हणजे जेवण, म्हणून दुपारी ती आत घेतात. पण फारच कोरडं पडलं, की त्यांनाही धाप लागते. तेव्हा तू अगदीच चुकला नाहीस."

खोली लहान होती. खिडकीबाहेर झाडांच्या डोक्यावरून वर गेलेला चाळीस मीटरचा लोखंडी टॉवर दिसत होता. त्याच्या टोकाला एक यंत्र बसवले होते. कुठली हवा वर चालली, कुठली खाली आली, तिच्यात कार्बन वायू किती आणि पाण्याची वाफ किती, हे ते सेकंदाला दहा वेळा मोजत असे. इथल्या संशोधक असलेल्या बाई बारा वर्षे या जंगलाच्या श्वासाचा हिशेब ठेवत होत्या. दाराशी एक निळी पाटी होती. आत येताना मुलांनी ती मोठ्याने वाचली होती: 'कोरड्या वर्षातही हे जंगल सोडते त्याहून जास्त घेते.' हे वाक्य बाईंच्या शोधाचे सार होते. त्याच्यावर त्यांचे नाव झाले होते, टॉवरला पुढची वर्षे मिळाली होती. पाटी रंगवली होती टॉवरकाकांनी.

टॉवरकाका म्हणजे इथले तंत्रज्ञ. मुले त्यांना तसे म्हणत. बाई त्यांना दादा म्हणत. बारा वर्षांत, सुरक्षापट्ट्याची कडी दादांनी ओढून पाहिल्याशिवाय बाईंनी शिडीवर पाय ठेवला नव्हता.

सहलीच्या शेवटी एक खेळ ठरलेला असे. मुलाने आपली जन्मतारीख सांगायची आणि बाईंनी त्या दिवसाची रेघ छापून हातात द्यायची. तू जन्मलास तेव्हा जंगल काय करत होतं, ते बघ. नियमही त्या समजावून सांगत. मोजलेले असेल तर सलग रेघ. यंत्र बंद असेल आणि अंदाजाने भरले असेल तर तुटक रेघ. "न मोजलेलं मोजलं म्हणून सांगायचं नाही. हा आमच्या धंद्याचा धर्म."

कानामागे पेन्सिल खोचलेल्या मुलीचा नंबर शेवटी आला. तिची रेघ सलग निघाली, सकाळी अलगद उतरलेली, दुपारी खोल, संध्याकाळी पुन्हा वर आलेली. मुलीने कागद दोन्ही हातांनी धरला.

"किती छान! बाई, मी झाले तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"मी ना?" बाईंनी तारीख पाहिली आणि त्यांना हसू फुटले. "अगं, मी त्या दिवशी रेल्वेत होते! आपलं यंत्र तपासून घ्यायला चालले होते. शालीत गुंडाळून मांडीवर घेतलेलं. शेजारच्या आजी म्हणाल्या, उन्हाचं बाळाला इतकं गुंडाळू नकोस गं—"

मुले हसत होती. बाई थांबल्या. पडद्यावर रेघेखाली यंत्राचा क्रमांक होता: सात.

सात नंबरच तर मांडीवर होता.

मुलांबरोबर आलेल्या शिक्षिकेने टाळी वाजवली, रांग लागली, बस निघून गेली. मुलीचा कागद तिच्या वहीत गेला होता.

बाईंनी दार लोटून घेतले आणि जुनी फाइल उघडली. सात नंबर परत येईपर्यंतचे एकोणीस दिवस. सगळ्यांवर सातच. त्यांनी आदल्या वर्षीचे तेच एकोणीस दिवस शेजारी मांडले. रेघांवर रेघा बसल्या. शेवटचा आकडा तेवढा कुठे एकाने जास्त, कुठे एकाने कमी. मग त्यांनी कपाटातून पावसाची वही काढली. आदल्या वर्षी त्या दिवसांत चांगला पाऊस पडला होता. मुलीच्या जन्माच्या वर्षी एकोणीस शून्ये, एकाखाली एक, त्यांच्याच अक्षरात. तरीही फाइलमध्ये झाडे पावसानंतरसारखी भरभरून वाफ सोडत होती.

ते दिवस पुसून बाईंनी त्यांच्या मागच्यापुढच्या कोरड्या दिवसांवरून अंदाज भरला आणि त्या कोरड्या वर्षाची बेरीज पुन्हा केली. बेरीज शून्याच्या वर आली: जंगलाने घेतले त्याहून जास्त सोडले होते.

दादा टॉवरच्या पायथ्याशी दोर गुंडाळत होते.

"दादा, सात नंबर घेऊन मी गेले होते, तेव्हा वर आपला राखीव तीन नंबर लावायचा ठरला होता."

दोर थांबला. मग पुन्हा फिरू लागला.

"लावायलाच गेलो होतो, ताई. हातातून सुटला. चाळीस मीटर. तुकडे पिशवीत भरून घरी नेले. अजून माळ्यावर आहेत."

"दुसऱ्या दिवशी आले होते मी परत. रोज इथे उभी राहून विचारत होते. तुम्ही वरून ओरडायचात, सगळं ठीक."

"हो."

"मला सांगायचं होतंत."

"काय सांगायचं? टॉवरचं दुसरंच वर्ष. आधीच वरचे म्हणत होते, हे काय लोखंडाचं झाड उभं केलंय. माझी नोकरी गेली असती, तुमचा टॉवर गेला असता. वाटलं, एकोणीस दिवस तर आहेत, मागच्या वर्षीचे आकडे उतरवून टाकू."

"त्या एकोणीस दिवसांवर मी दहा वर्षं उभी आहे, दादा."

"ते मला तुम्ही त्या शोधाचं भाषण करून आलात तेव्हा कळलं."

"मग तेव्हा तरी बोलायचं."

"तुम्ही सगळ्यांना आइस्क्रीम आणलं होतंत. माझ्या हातात दोन दिलेत. म्हणालात, एक टॉवरचं." दादांनी दोर खाली ठेवला. "आणि ताई, रागावू नका. पावसाची वही तर तुमच्याच कपाटात होती. मला रोज वाटायचं, आज बघतील, आज विचारतील."

ठरल्याप्रमाणे यंत्राची काच पुसायला वर जायचे होते. त्यांनी पट्टा चढवला. सवयीने दादांचा हात कडीकडे आला. बाई अर्धे पाऊल मागे सरल्या आणि कडी स्वतः ओढून पाहिली. एकदा. मग पुन्हा एकदा. दादांचा हात थोडा वेळ तसाच हवेत राहिला, मग त्यांनी तो पँटला पुसला.

उतरल्यावर बाईंनी स्क्रू-ड्रायव्हर मागितला. दादांनी तो दिला. पाटीचे चारही स्क्रू गंजले होते. त्यांना बराच वेळ लागला. पाटी त्यांनी भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि आत जाऊन, ज्यांनी त्यांचा शोध छापला होता त्यांना पत्र लिहिले. पत्र सहा ओळींचे झाले. तिसऱ्या ओळीत त्यांनी आधी 'सहकाऱ्याने' असे लिहिले होते. ते खोडून 'आम्ही' केले, आणि पत्र पाठवून दिले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या शाळेत गेल्या. पेन्सिलवाली मुलगी पायऱ्यांवर बसली होती. बाई तिच्या शेजारी बसल्या आणि पिशवीतून एक कागद काढला. त्यावर तारीख होती, शून्याची आडवी रेघ होती, बाकी कोरे.

"कालचा कागद चुकीचा होता गं. हा खरा."

मुलीने तो उलटून पाहिला. "यात काहीच नाही."

"त्या दिवशी आम्ही मोजलंच नव्हतं."

"मग जंगलानं काय केलं त्या दिवशी?"

"केलं असेल काहीतरी. मला माहीत नाही."

मुलीने दप्तरातून वही काढली. कालचा कागद पहिल्या पानावर चिकटवलेला होता, कडेने रंगीत पेन्सिलीने पाने काढलेली. तिने दोन्ही कागद शेजारी धरले, बराच वेळ पाहिले, आणि वही छातीशी घेतली.

"मला हाच हवा. हा छान आहे."

"हो," बाई म्हणाल्या. "मलाही तोच आवडला होता."

घंटा झाली. मुले वर्गाकडे पळू लागली. बाईंनी कोरा कागद पुढे धरलेला हात मागे घेतला नाही.