हात धुता धुता

“आता तुम्ही डॉक्टर नाही. तुम्ही मालक,” असं म्हणत सत्र घेणाऱ्या मॅडमनी गुंडाळलेला एक टॉवेल डॉक्टरांच्या मांडीवर ठेवला. “हा तुमचा कुत्रा. चौदा वर्षांचा. घरात तुम्ही दोघंच.”

डॉक्टरांनी टॉवेल दोन बोटांच्या चिमटीत धरून वर उचलला. “मॅडम, याला आधी आंघोळ घाला. मग तपासणी.”

सभागृहात हशा पिकला. पन्नासेक पशुवैद्य बसले होते. बरेचसे पोटभर जेवून सुस्तावलेले. नोंदणी पुढे चालू ठेवायची तर हे दोन दिवसांचं प्रशिक्षण करावंच लागतं, म्हणून आलेले. हा दुसरा दिवस होता. सकाळी प्रतिजैविकं जपून वापरण्यावर व्याख्यान झालं. मग मांजराचा चेहरा बघून त्याला किती दुखतंय हे कसं ओळखायचं, ते पडद्यावर दाखवलं. तेवढं डॉक्टरांनी मन लावून ऐकलं होतं. दुपारच्या सत्राचा विषय मात्र होता ‘मालकाशी बोलणं’. तो वाचून त्यांनी शेजारच्या मित्राला कोपर मारलं होतं. घोड्यांच्या तबेल्यांवर आयुष्य काढलेल्या त्या मित्राला सगळे घोडेवाला म्हणत.

“बत्तीस वर्षं काय मी मुक्याने धंदा केला?”

“तू मुका असतास तर पेशंट वाढले असते,” घोडेवाला म्हणाला होता.

आणि नेमकं मॅडमनी त्यांनाच पुढे बोलावलं. समोर डॉक्टर म्हणून उभी राहिली ती चिमणी. शिकत असताना ती महिनाभर त्यांच्याच दवाखान्यात होती. आवाज बारीक, अंगकाठी त्याहून बारीक, म्हणून डॉक्टरांनीच तिचं ते नाव पाडलं होतं. आता तिचा स्वतःचा दवाखाना होता. चष्मा लागला होता.

“याच्या पोटात गाठ आहे. ती फुटलीय. वाचणार नाही,” मॅडमनी चिमणीला सांगितलं. “तुम्ही रोज जसं सांगता तसंच सांगायचं. नाटक नको.”

चिमणी पुढे आली. तिने टॉवेलच्या एका टोकाचा ओठ वर करून हिरड्या बघितल्या. पोटावर हलकेच हात दाबला. डॉक्टर कौतुकाने बघत होते. हात छान बसलाय पोरीचा, त्यांच्या मनात आलं.

मग ती वळली. भिंतीशी टेबल होतं, तिथे गेली. त्यांच्याकडे पाठ करून तिने हवेत नळ सोडला, बाह्या मागे सारल्या आणि हात चोळायला लागली.

“वय झालंय त्याचं,” भिंतीकडे बघत ती म्हणाली. “आता काही करण्यासारखं नाही. इंजेक्शन देऊन टाकू. तुम्ही बाहेर बसा, तुम्हाला बघवणार नाही. आणि जिवाला लावून घेऊ नका. दुसरं पिल्लू आणा.”

तिने हवेतला नळ बंद केला. हात झटकले.

कुणीतरी मागून टाळी वाजवली. डॉक्टर हसले, पण थोडे उशिरा. त्यांचा हात टॉवेलवर होता. ती बोलत असताना तो केव्हातरी टॉवेलवरून फिरायला लागला होता, मानेपासून पाठीकडे. त्यांनी तो उचलून गुडघ्यावर ठेवला.

“मालक, काय वाटलं?” मॅडमनी विचारलं.

“काय वाटायचंय? बरोबर सांगितलं.”

मॅडम चिमणीकडे वळल्या. “पाठ का केलीत?”

“हात धुवायला.” चिमणी गोंधळली. “तसंच सांगतात ना, मॅडम? सरांनीच शिकवलंय.”

आता मात्र सगळ्यांनी सभागृह डोक्यावर घ्यायचं तेवढं बाकी राहिलं. घोडेवाला तर खुर्चीतून पडायला आला. चिमणीने जीभ चावली. मॅडम हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. चूक दाखवून गप्प बसण्यापेक्षा पुन्हा करून घेतलेलं बरं, हे जाणणाऱ्यांपैकी त्या होत्या. त्यांनी एक खुर्ची ओढून डॉक्टरांच्या समोर ठेवली.

“पुन्हा करू. या वेळी बसायचं. आणि आजाराबद्दल बोलण्याआधी नाव विचारायचं. मालकाचं नाही, जनावराचं.”

चिमणी समोर बसली. तिचे गुडघे डॉक्टरांच्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर होते. ती थोडी पुढे वाकली.

“काय नाव याचं?”

“खडू,” डॉक्टर म्हणाले.

उत्तर इतकं चटकन आलं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. पुढे चिमणी काय बोलली ते त्यांनी नीट ऐकलं नाही.

खडू हा त्यांच्या ताईचा कुत्रा. ताई त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठी. आयुष्यभर तिने बालवर्गातल्या मुलांना शिकवलं. लग्न केलं नाही. डॉक्टरांनाही पहिलं अक्षर तिनेच गिरवायला लावलं होतं, हातावर हात ठेवून. पांढराशुभ्र कुत्रा निवृत्तीच्या आधी कधीतरी शाळेच्या फाटकाशी सापडला, म्हणून त्याचं नाव खडू. तो शाळेच्या पायरीवर बसायचा आणि मुलं त्याला धडे म्हणून दाखवायची.

त्या खडूच्या पोटात अशीच गाठ फुटली होती. ताई त्याला रिक्षातून घेऊन आली होती. दवाखान्यात त्या दिवशी गर्दी होती. डॉक्टरांनी हिरड्या बघितल्या, पोट बघितलं आणि बेसिनपाशी जाऊन नळ सोडला. ‘ताई, तू बाहेर बस. तुला बघवणार नाही.’ ‘मला बसू दे की इथे,’ ती म्हणाली होती. ‘अगं, इथे लहान मुलांची शाळा नाही चालू,’ असं काहीतरी ते म्हणाले होते. ती बाहेर बाकावर बसली. थोड्या वेळाने ते हात पुसत बाहेर आले तेव्हा तिच्या मांडीवर नुसता पट्टा होता. ‘झालं. तुला दुसरं पिल्लू बघू,’ ते म्हणाले. तिने मान हलवली. पट्ट्याची नीट गुंडाळी केली, पिशवीत ठेवली आणि ती गेली.

त्यानंतर ती भांडली नाही की रुसली नाही. घरी कार्य असलं की यायची, भाच्यांना खाऊ आणायची, भावजयीला मदत करायची. फक्त डॉक्टरांना काही सांगेनाशी झाली. गुडघा दुखतोय, शेजारीण त्रास देते, वरच्या मजल्याचं पाणी झिरपतंय, असलं पूर्वी ती दर दोन दिवसांनी फोन करून सांगायची. ते हळूहळू थांबलं. डॉक्टरांना वाटलं, वय झालं की माणूस कमी बोलतं.

चहाच्या सुट्टीत चिमणी कप घेऊन त्यांच्याजवळ आली.

“सर, शप्पथ, मी चेष्टा नव्हते करत.”

“माहितेय मला. चेष्टा केली असतीस तर बरं झालं असतं.”

ती बशीत सांडलेला चहा बघत राहिली. “तुम्हाला आठवतंय? पहिल्यांदा मी ते शेवटचं इंजेक्शन दिलं तेव्हा रडले होते. टेबलाखाली बसून. तेव्हा तुम्ही सांगितलंत, वाईट बातमी नेहमी हात धुता धुता सांगायची. आपला चेहरा त्यांना दिसत नाही, त्यांचा आपल्याला दिसत नाही. नळाच्या आवाजात दोघांचंही रडून होतं.”

“तू रडत होतीस म्हणून सांगितलं गं.”

“हो ना. आणि खरंच फार उपयोग झाला, सर.” ती मनापासून बोलत होती. “इतका, की आता रडू येतच नाही.”

डॉक्टरांनी उरलेला चहा तसाच ठेवला.

संध्याकाळी प्रमाणपत्र मिळालं. घोडेवाल्याने गाडीतून सोडतो म्हटलं.

“घरी?”

“नको. ताईकडे सोड.”

“कुणी आजारी आहे का?”

“जनावर आजारी नसलं की मी कुणाच्या घरी जात नाही, असं वाटतं का तुला?”

“वाटतं कशाला, तसंच आहे,” घोडेवाला म्हणाला आणि त्याने गाडी वळवली.

ताईने दार उघडलं. भावाला दारात बघून तिने आधी त्याच्या मागे बघितलं. “एकटाच? घरी सगळं ठीक ना?”

“ठीक आहे. सहज आलो.”

“सहज!” ती म्हणाली, पण बाजूला झाली.

खोली लहान आणि लख्ख होती. भिंतीवर मुलांनी काढलेली जुनी चित्रं, कडा पिवळ्या पडलेली. खिडकीत एक करडी मांजर बसली होती. डॉक्टरांनी सवयीने तिच्याकडे नजर टाकली. डोळे स्वच्छ, केस चकचकीत, वजन नेमकं. कुणीतरी हिची उत्तम काळजी घेत होतं. फळीवर जंताच्या औषधाची बाटली होती आणि तिच्यावर गावाच्या दुसऱ्या टोकाच्या दवाखान्याचं लेबल.

“ही कधी आणलीस?”

“झाली की चार-पाच वर्षं. पाटी नाव तिचं.”

“मला कुणी बोललं नाही.”

“तुझ्या बायकोला माहितेय. मुलांना माहितेय. मीच म्हटलं, त्याला कशाला सांगायचं, त्याला दिवसभर तेच असतं.” तिने चहा टाकला. “बस. आज दवाखाना बंद?”

“ट्रेनिंग होतं. शाळाच म्हण ना.”

“या वयात? मग, पास झालास का, छोट्या?”

साठीला आलेल्या माणसाला छोट्या म्हणणारं एवढं एकच माणूस उरलं होतं.

“नाही,” डॉक्टर म्हणाले.

ती हसली. चहा घेऊन समोर बसली. डॉक्टरांनी कप हातात धरला. रस्ताभर मनात जुळवलेली वाक्यं आता कुठून सुरू करायची ते कळेना.

“ताई, खडूच्या वेळी मी—”

“राहू दे.”

“तसं नाही, मला आज—”

“छोट्या, मला क्षमाबिमा नको आहे. तू तुझं काम केलंस. त्याला वाचवता येत नव्हतं, हे मलाही कळत होतं. मी काय कुक्कुलं बाळ आहे?” तिने कप खाली ठेवला. “एकच विचारायचं होतं. तेव्हापासून विचारायचं होतं. विचारू?”

“विचार.”

“तो दाराकडे बघत होता का रे? मी गेल्यावर?”

याचं उत्तर डॉक्टरांना तोंडपाठ होतं. शेकडो माणसांना त्यांनी ते दिलं होतं. ‘नाही हो, काही कळलंच नाही त्याला, शांत झोपला.’ ते ओठांवर आलंही. पण आज ताई समोर बसली होती आणि तिची नजर त्यांच्या डाव्या कानावर होती. लहानपणी थाप मारली की छोट्याचा हात आपोआप त्या कानाकडे जायचा. तेवढ्यावरून ती चोरी पकडायची. गृहपाठ झाला का? झाला. मग कान का चोळतोस?

डॉक्टरांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

“मला माहीत नाही,” ते म्हणाले. “आठवत नाही असं नव्हे. मी बघितलंच नव्हतं. मी शीर बघत होतो. मग सुई काढली आणि नळाकडे गेलो.”

ताईची नजर अजून कानावर होती. हात कानाकडे गेला नव्हता.

“धरलं कुणी होतं त्याला?” तिने विचारलं.

“कंपाउंडरने.”

“त्याला विचारशील? त्याने बघितलं असेल.”

“तो गेला गं. मागच्या थंडीत.”

“अरेरे,” ती म्हणाली. “चांगला होता तो. मला बाहेर पाणी आणून दिलं होतं त्याने.”

खिडकीतून पाटी खाली उतरली. डॉक्टरांजवळ येऊन तिने त्यांच्या बोटांचा वास घेतला. बोटांना दिवसभरात फक्त टॉवेलचा स्पर्श झाला होता, तरी तिला काय कळलं कोण जाणे. ती दोन पावलं मागे सरकली आणि तिथेच बसून त्यांच्याकडे बघत राहिली.

“खरं बोललास,” ताई म्हणाली. “बरं केलंस.”

मग तिने उठून दोन्ही कप उचलले, मोरीपाशी गेली आणि नळ सोडला. डॉक्टरांना तिची पाठ दिसत होती, पांढऱ्या केसांचा लहानसा अंबाडा, आणि साडीच्या पदराआड हलणारी कोपरं. उठून जावं, शेजारी उभं राहावं, असं त्यांना फार वाटलं. पण त्या पाठीचा अर्थ त्यांच्याइतका चांगला कुणाला कळणार?

ते जागेवरच बसून राहिले. कप दोनच होते. नळ बराच वेळ चालू राहिला.